डावीकडची टकटक

गोंदियातल्या मरारटोलीच्या ब्रेकरवर सेवकराम कटरेनं गाडी नेहमीसारखी हळू घेतली. पुढची चाकं चढली, उतरली, आणि डावीकडून दोनदा वाजलं, टक् टक्. बोटाच्या पेरानं कुणी दार वाजवावं तसं. सेवकराम म्हणाला, "कोण हाय जी?"

म्हटल्यावर तो स्वतःच दचकला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. मागच्या सीटवर भाजीची थैली होती आणि बाजूच्या सीटवर बायकोच्या, शकुनच्या, जुन्या लुगड्याची घडी, जिच्यावर ती बसायची. शब्द शकुनचे होते. टकटक झाली की ती म्हणायची, कोण हाय जी, शेवटचा जी जरा ओढून, दारात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारावं तसं. दिवाळी आटोपल्यावर एका दुपारी ती जेवून जरा पडली ती उठलीच नाही. तेव्हापासून गाडी कितीतरी ब्रेकरांवरून गेली होती. टकटक होत होती, तो ऐकत होता, पण तिला उत्तर द्यायला कुणी नव्हतं. आज त्याच्याच तोंडून ते निघालं, आणि तेही तिच्याच चालीत. मागून ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण भर रस्त्यात गाडी उभी केली आहे. "ओ काका, घर जाके सोना," बाजूनं जाता जाता ऑटोवाला ओरडला. सेवकरामनं त्याला हात दाखवला आणि गाडी पुढं घेतली. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट गूळ खाऊन झाल्यावर तोंडात राहतो तसं काहीतरी राहून गेलं होतं. फक्त हे फार दिवस टिकणार नाही एवढं त्याला माहीत होतं, कारण सकाळीच हर्षाचा फोन येऊन गेला होता.

हर्षा त्याची एकुलती एक मुलगी, नागपूरला दिलेली. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत, पण माहेरी आई नाही म्हणून सासरच्यांनी भल्या मनानं म्हटलं होतं की इथंच राहा, आम्ही आहोत. हर्षा म्हणाली, नाही, मी बाबांकडं जाते. येत्या रविवारी येते म्हणाली, आणि मग म्हणाली, "बाबा, ती गाडी आधी नीट करून घ्या. दवाखान्यात जाणं-येणं तिच्यातच होणार ना. डॉक्टरनं धक्के नको म्हटलंय. आणि या वेळी ओरिजिनल सामान टाका, मागच्यासारखं डुप्लिकेट नको." सेवकराम हो म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की तो कशालाही हो म्हणाला असता. घरात पुन्हा माणूस राहणार, सकाळी दोन कपांचा चहा होणार, मग आणखी एक लहान माणूस येणार. त्यानं आतल्या खोलीतला पलंग उन्हात काढला, मच्छरदाणी धुवायला टाकली, शेजारच्या रीताबाईला जाऊन विचारून आला की बाळंतिणीला लागणारे डिंकाचे लाडू ती करून देईल का. रीताबाई म्हणाली, "तुम्ही फक्त मेवा आणून टाका भाऊजी, बाकी माह्यावर सोडा." या सगळ्या गडबडीत भाजी आणायला निघेपर्यंत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं की गाडी नीट करणं म्हणजे टकटक बंद होणं. ते मरारटोलीच्या ब्रेकरवर आलं. पोरीला धक्का लागता कामा नये, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. पण टकटक गेली की शकुनच्या बोलण्यातलं जे एक वाक्य अजून रोज घडत होतं, तेही जाणार होतं. तिचे फोटो होते, लुगडी होती, पण ती वस्तू होती. टकटक म्हणजे अर्धं बोलणं होतं, आणि उरलेलं अर्धं आज त्यानं स्वतः म्हटलं होतं.

टकटक पहिल्यांदा ऐकू आली ती जिल्ह्यातल्याच प्रतापगडाहून परत येताना. शकुन दर महाशिवरात्रीला प्रतापगडला जायची. महादेवाचं दर्शन झालं की दर्ग्यावरही जाऊन डोकं टेकवायची. "एवढे चढून आलो, त त्यायले न भेटता कायले जायचं," म्हणायची. त्या वर्षी परतताना नवेगावच्या जंगलातल्या रस्त्यावर गाडी एका खड्ड्यात बसली आणि वर आली, आणि दोनदा वाजलं. शकुन डुलकी घेत होती. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "कोण हाय जी?" मग तिला जाग आली, आपण गाडीत आहोत हे कळलं, आणि ती इतकी हसली की सेवकरामला गाडी थांबवावी लागली. त्यानंतर ते ठरूनच गेलं. कधी ती नुसतं कोण हाय जी म्हणायची, कधी म्हणायची, वर्गणीवाला असन त घरी कोणी नाही म्हणून सांगा. दवनीवाड्याला तिच्या भावाकडं जाताना रस्ता खराब लागायचा, तिथं तर ती म्हणायची, आज पुरी वरातच आली वाटते दारात. सेवकरामला तेव्हा त्या गमतीपेक्षा आवाजाची काळजी जास्त होती. त्याची जिंदगी राईस मिलमध्ये गेली होती, मशीन चालवण्यात. उजव्या हाताला धान भरडणारा हलर, डाव्या हाताला भिंत आणि भिंतीत एक खिडकी, मधल्या जागेत तो. पट्टा ढिला पडला, बेअरिंग कोरडं झालं, धानात खडा आला, हे तो न बघता सांगायचा. मालक बाहेरच्या माणसांना कौतुकानं सांगायचा की आमच्या मिलचं मीटर म्हणजे कटरेचा कान. तेव्हा प्रतापगडच्या रस्त्यावरच त्यानं निदान केलं. "डावा शॉकअप हाय," तो म्हणाला. "तुह्याकडचा."

"माह्याकडचा नाही जी. तुमच्याकडून येते."

"डावीकडून येते म्हणून राहिलो ना मी."

"तुमच्या पायापाशी वाजते. मी ऐकली ना."

"तू कुकरच्या शिट्ट्या ऐक. मशीनचा आवाज मले नको सांगू. जिंदगी गेली माही मिलमंधी."

शकुन थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. "हो," ती म्हणाली, "मिलमंधीच गेली." आणि खिडकीबाहेर बघू लागली. ती वाद वाढवणारी बाई नव्हती. पण तिला चिडवायला सेवकरामला आवडायचं, म्हणून तो पुढं बरेच दिवस म्हणत राहिला की तुझ्या वजनानं तो शॉकअप बसला. शकुन अंगानं भरलेली होती आणि सेवकराम काटकुळा. "मंग तुमच्या बाजूनं गाडी हवेत उडाले पाहिजे," ती म्हणायची. "चिपाडावानी माणूस, त्याच्या खाली काय बसन." शेवटी त्यानं मुन्ना मिस्त्रीकडं गाडी टाकली आणि डावा शॉकअप बदलून घेतला. त्या वेळी हर्षाचं लग्न तोंडावर होतं, हात आखडलेला होता, म्हणून कंपनीचा न घेता बाहेरचा, साधा घेतला. थोडे दिवस आवाज गेल्यासारखा वाटला. मग एका सकाळी मरारटोलीलाच पुन्हा टक् टक् झालं आणि शकुन म्हणाली, "आला परत पाहुणा." सेवकराम चिडला. डुप्लिकेट माल असाच, तो म्हणाला, आणि नंतर ज्याला त्याला सांगत सुटला की गाडीत कधी बाहेरचं सामान टाकू नका. हर्षाच्या डोक्यात ओरिजिनलचं वेड शिरलं ते त्याच्यामुळंच.

दुपारी तो जयस्तंभ चौकाकडं टेकचंदच्या दुकानात गेला. टेकचंदचं सुट्या भागांचं दुकान जुनं, आत रबराचा आणि ग्रीसचा वास, काउंटरच्या काचेखाली देवांचे फोटो. "आओ कटरे भाऊ," तो म्हणाला. "गाडी अजून विकली नाही का?"

"तुह्यासारखा गिऱ्हाईक भेटला नाही."

"मी त भंगारात घेईन, चालन का?" टेकचंद हसला. शॉकअप म्हटल्यावर त्यानं विचारलं, "कंपनीचा देऊ का बाहेरचा?"

"फरक काय हाय, खरं सांग."

"खरं सांगू? आधी फरक डब्याचा." मग त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नाही. "नाही, असं नाही भाऊ. कंपनीचा म्हणजे जसा गाडीसंग आला होता तसाच. नरम चालते, नवी गाडी होती तशी वाटते. बाहेरचा जरा कडक. पण बाहेरच्यातबी चांगले येतात, अन् फालतूबी येतात. पहचान पाहिजे. हा घ्या, हातात घेऊन पाहा."

त्यानं एक काळा, जड नळा पुढं ठेवला. सेवकरामनं तो उभा धरून वरची दांडी दाबली. दांडी आत गेली, आणि हात काढल्यावर लगेच उसळली नाही, सावकाश, आपल्या मनानं वर आली. त्याला ते आवडलं. त्यानं पुन्हा दाबून पाहिलं. नवी गाडी होती तशी वाटते, हे टेकचंदचं बोलणं त्याच्या डोक्यात फिरत होतं. नवी होती तेव्हाची गाडी आठवून पाहावी म्हटलं तर आठवेना. ती कशी चालायची, ब्रेकरवर कशी उतरायची, काही नाही. आठवत होती ती सगळी टकटक सुरू झाल्यानंतरची गाडी. त्याआधी शकुन बाजूला बसायची ती नुसती बसायची. दोघं आपापल्या खिडकीतून बघायचे, हर्षाच्या फीचं बोलायचे, घर यायचं. ओरिजिनल म्हणजे ते दिवस परत आणणं, आणि त्या गप्प दिवसांशी त्याची फारशी ओळखच नव्हती. "कंपनीचाच पाहिजे," तरी तो म्हणाला, कारण पोरीला तसा शब्द दिला होता.

"डावा ना? डावा नाही सध्या. नागपूरहून बोलवावा लागन."

"बोलव ना मंग," सेवकराम पटकन म्हणाला. इतक्या पटकन, की त्याला स्वतःलाच कळलं की आपण खूश झालो आहोत. नागपूरहून म्हणजे उशीर. उशीर म्हणजे आणखी काही ब्रेकर.

"शनिवारी माल येऊन जाईन," टेकचंद म्हणाला आणि सेवकरामचा चेहरा पडला. "पण बोलवलेला माल वापस होत नाही भाऊ. आधी मुन्नाकडून खोलून घ्या. डावाच हाय ना, पक्कं?"

"माह्या कानावर भरोसा नाही का?"

"तुमच्या कानावर कोण शक करन? पुरी मिल चालवली तुम्ही. पण खोलून घ्या."

बाहेर आल्यावर चौकातून चालताना बाजूनं एक जोडपं गेलं. बाई नवऱ्याच्या मागून फिरून दुसऱ्या बाजूला आली, सावलीसाठी असेल. शकुनचीही ती खोडच होती. बाजारात तो एका बाजूला चालतोय, ती दुसऱ्या, बोलता बोलता मध्येच ती मागून फिरून त्याच्या डाव्या हाताला यायची. कधी कधी त्यामुळं ती गाड्यांच्या बाजूला यायची आणि तो रागवायचा, "मरतेस का? इकडून चाल ना." ती म्हणायची, "मले इकडूनच बरं वाटते." पंगतीत बसतानाही तेच. बायकोनं डावीकडं बसावं, रीत हाय, म्हणायची. तो म्हणायचा की ती रीत लग्नमांडवातली आहे, वरणभाताला कशाला पाहिजे. हर्षाचं लग्न झाल्यावर तिनं खोलीतल्या खाटाही फिरवल्या होत्या, तिची खाट डावीकडं आली. भिंतीला ओल येते म्हणाली. बायकांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. आताही तो पंगतीतल्या आठवणीवर थोडा हसला आणि गाडीत बसला.

मुन्नाचं गॅरेज बालाघाट रोडवर, टिनाचं शेड, पुढं एक कडुनिंब. मुन्ना चाळिशीचा, बडबडा, गोंदियात वाढलेला म्हणून अर्धं हिंदीतच बोलणारा. "डावा ना? मालूम हाय, तुमचा डावाच असते," म्हणत त्यानं जॅक लावला, डावं चाक काढलं आणि वाकून बघत राहिला. त्यानं नळ्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं.  "काका," शेवटी तो म्हणाला, "हा त एकदम चांगला हाय. देखो ना, तेलाचा थेंब नाही. धूळबी कोरडी हाय. मीच टाकला होता, लोकलवाला."

"मंग वाजते कोण?"

"तेच त मलेबी समजून नाही राहिलं. मागच्या बारी तुम्ही डावा म्हटलं, मी डावा बदलला. गाडी चालवून त पाहिलीच नव्हती." त्यानं चाक परत बसवलं, हात पुसले. "चला, एक राउंड मारू. मी चालवतो, तुम्ही बाजूले बसून ऐका."

सेवकरामनं आपली गाडी कधी कुणाला चालवायला दिली नव्हती, आणि बाजूच्या सीटवर तो कधी बसला नव्हता. दिवाळीपासून तिथं कुणीच बसलं नव्हतं. त्यानं लुगड्याची घडी उचलली, क्षणभर कुठं ठेवावी ते कळेना, मग मांडीवर घेऊन तो आत बसला. सीट पुढं ओढलेली होती, गुडघे समोर टेकत होते. पायाखालच्या रबराच्या चटईवर दोन ठिकाणी झिजून गुळगुळीत झालं होतं, तिच्या टाचांची जागा. मुन्नानं गाडी काढली. बिरसी विमानतळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना उन्हाळी धान हिरवंगार उभं होतं आणि वर शिकाऊ पायलटांचं एक लहान विमान घिरट्या घालत होतं. शकुनला ती विमानं बघायला आवडायची. हा पोरगा आजच शिकून राहिला वाटते, बघा कसा हालते, म्हणायची. सेवकरामनं त्या खिडकीतून वर पाहिलं, मग वळून चालवणाऱ्याकडं पाहिलं. इथून चालवणाऱ्याचा डावा गाल दिसतो, डावा कान दिसतो. इतकी वर्षं तिनं हाच कान बघितला असेल.

रस्त्यावर ब्रेकर आला. गाडी चढली, उतरली. टक् टक्.

"आला?" मुन्नानं विचारलं.

"आला," सेवकराम म्हणाला आणि त्यानं मान खिडकीकडं वळवली. मग म्हणाला, "पण बाहेरून आला."

"बाहेरून म्हणजे?"

"तिकडून. धानातून आल्यासारखा." त्यानं आपल्या खिडकीबाहेर बोट दाखवलं.

मुन्नानं गाडी कडेला घेतली. "काका, मजाक नका करू. माह्या पायाखाली वाजून राहिलं. तुमच्या उजव्या हातापाशी."

"मागं घे. अजून एक बार."

मुन्नानं गाडी मागं घेतली आणि पुन्हा ब्रेकरवरून आणली. या वेळी सेवकराम ताठ बसून ऐकत होता, मिलमध्ये ऐकायचा तसा. आवाज आपल्या सीटखाली असायला हवा होता. तो तिथं नव्हता. आपण ड्रायव्हरच्या जागी बसतो तेव्हा तो या सीटपाशी असतो, आणि या सीटवर आलो तर तो खिडकीबाहेर, शेतात जाऊन उभा राहतो. ऐकणाऱ्याबरोबर जो आवाज सरकतो तो मशीनमध्ये नसतो, एवढं तो मिलमध्ये राहून शिकला होता.  वरून विमान खाली येत होतं, त्याची घरघर वाढत होती. सेवकरामनं डावा तळहात उचलला आणि डाव्या कानावर घट्ट दाबला. विमान गेलं. म्हणजे काचेतून दिसत होतं, पंख झुकवून धानावरून वळत होतं, पण आवाज कुठंतरी चिंधीत गुंडाळल्यासारखा बारीक झाला. मुन्नाचे ओठ हलत होते. त्यानं हात काढला तसं सगळं एकदम परत आलं, विमान, इंजिन, आणि मुन्ना, "...चक्कर आली का काका? पाणी आणू का?"

"मुन्ना," सेवकराम म्हणाला, "माहा उजवा कान गेला हाय."

"कधी?"

"काय मालूम. मिलमंधीच गेला असन." आणि हे म्हणताना त्याला शकुनचं बोलणं ऐकू आलं, प्रतापगडच्या रस्त्यावर, खिडकीकडं तोंड फिरवायच्या आधी, त्याच्याकडं बघत. हो. मिलमंधीच गेली. ती जिंदगीबद्दल बोलतेय असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

मग तो तसाच बसून राहिला आणि एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊ लागली, कुणी न ढकलता. बाजारात मागून फिरून येणारी शकुन. पंगतीतली रीत. भिंतीची ओल, जी त्यानं नंतर कधी पाहिली नव्हती. दवनीवाड्याला अंगणात सगळे बसले की ती सगळ्यांना सरकवून त्याच्या डाव्या हाताला जागा करायची आणि भावजया हसायच्या, बाईले नवऱ्याबिना करमत नाही. डावीकडं, डावीकडं, सगळीकडं डावीकडं. त्याचा उजवा कान गेलाय हे तिला माहीत होतं आणि त्याला माहीत नव्हतं, आणि त्याला कळू नये म्हणून ती स्वतःच फिरून फिरून त्याच्या चांगल्या बाजूला येत राहिली. टकटक कुठून येते हे तिनं एकदा सांगून पाहिलं. तो ऐकेना तेव्हा तिनं वाद सोडला आणि त्या आवाजाला आत घेतलं, पाहुण्यासारखं. सेवकरामला वाटलं की आता आपल्याला रडू येणार. आलं ते हसू. आधी नाकातून, मग पोटातून, मांडीवरचं लुगडं हलायला लागलं इतकं. मुन्ना घाबरून बघत होता. "काही नाही बाबू," सेवकराम डोळे पुसत म्हणाला. "माही बायको लई हुशार होती. चाल, उजवा खोल."

उजवा शॉकअप खोलला तेव्हा त्यावर तेलाची काळी वाट पडली होती आणि दाबलेली दांडी आतच राहिली, वर आलीच नाही. "हा कंपनीचा," मुन्ना म्हणाला. "गाडीसंगचाच. त्यानंबी लई साल काढले बिचाऱ्यानं. आता बोला, काय करू? खरं त जोडीनं बदलतात. तुम्ही ओरिजिनल म्हणत होते, त दोन्ही बाजू ओरिजिनल टाकून देऊ."

"डाव्याले हात नको लावू."

"त मंग उजवा त्याच लोकल कंपनीचा टाका. डावा अजून नव्यावानीच हाय, चालून जाईन. पण दोन्ही सारखे पाहिजे, नाही त गाडी एका बाजूले ओढते."

"नरम चालन ना? पोरगी सातव्यात हाय माही."

"आतापेक्षा त लाख गुना बरी चालन. पण काका, लोकलले तुम्हीच शिव्या देत होते ना?"

"देत होतो," सेवकराम म्हणाला. "तो बिचारा काही बोलला का?"

जुना शॉकअप परत बसवून घेऊन टेकचंदकडं तो स्वतः गेला. मुद्दाम मरारटोलीवरून गेला, वाट वाकडी करून. ब्रेकरवर टक् टक् झालं. आता माहीत असूनही ते डावीकडूनच आलं, शकुनच्या सीटकडून, कारण त्याच्यासाठी दुसरीकडून काही येऊच शकत नव्हतं. या वेळी त्यानं नुसतं ऐकून घेतलं, निरोप देताना ऐकतात तसं. टेकचंदनं लोकलवाला डबा पुढं केला आणि म्हणाला, "आखिर हाच? अन् उजवा?" सेवकराम म्हणाला, "माह्या कानावर भरोसा नको करू यापुढं." संध्याकाळपर्यंत गाडी तयार झाली. घरी येताना मात्र तो मरारटोलीवरून आला नाही. फुलचूरकडून फिरून आला, आणि पुढंही रविवारपर्यंत दूध असो की मेवा, तो ब्रेकर नसलेल्या गल्ल्यांतून जात राहिला. काम योग्य झालं होतं, त्याबद्दल त्याच्या मनात काही शंका नव्हती. फक्त त्या ठिकाणची शांतता ऐकायची घाई नव्हती.

रविवारी स्टेशनवर हर्षा उतरली तेव्हा त्यानं आधी तिची बॅग हातात घेतली. ती अंगानं भरली होती, चालताना कमरेवर हात ठेवत होती, अगदी आईसारखा. "बाबा, वाळले तुम्ही," ती म्हणाली. "अन् तू?" तो म्हणाला, आणि दोघं हसले. बॅग डिकीत टाकून होईपर्यंत ती मागचं दार उघडत होती.

"पुढं बस," सेवकराम म्हणाला. मग थांबून, जवळून जाणाऱ्या हमालांकडं न बघता, म्हणाला, "डावीकडं बस. उजव्या कानानं मले ऐकू येत नाही."

त्याला वाटलं होतं ती दचकेल. हर्षा शांतपणे पुढचं दार उघडून लुगड्याच्या घडीवर बसली. "माहीत आहे बाबा," ती म्हणाली. "मी शाळेत होते तेव्हाच आईनं सांगितलं होतं. बाबांशी बोलायचं असलं तर डावीकडून जा, आणि त्यांना म्हणू नको. त्यांचा कान हीच त्यांची नोकरी आहे, म्हणायची." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मुन्नानं," सेवकराम म्हणाला. मग म्हणाला, "तुह्या आईनंच."

गाडी निघाली. हर्षा सांगत होती, सासूबाईंनी लोणचं दिलंय, तुमचे जावई पुढच्या महिन्यात येणार, डॉक्टरनं लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि त्या खाल्ल्या की मळमळतं. तिचं सगळं बोलणं त्याला नीट ऐकू येत होतं. रविवारचा बाजार, गल्ल्या अडलेल्या, त्यामुळं मरारटोलीवरूनच जावं लागलं. ब्रेकर दिसला तसा त्यानं वेग कमी केला. हर्षानं एक हात पोटावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पुढची चाकं चढली, उतरली. काही वाजलं नाही. गाडी पाण्यातून निघाल्यासारखी पलीकडं आली. 

"कोण हाय जी?" हर्षा म्हणाली.

शेवटचा जी जरा ओढून, बाहेर बघतच, सवयीनं. मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि ती वळली. "अय्या, वाजलंच नाही ना बाबा?"

"नाही वाजलं," सेवकराम म्हणाला. पुढं आणखी एक ब्रेकर होता. गरज नव्हती तरी त्यानं गाडी अगदी हळू केली, आणि डावा कान तिच्याकडं करून वाट पाहू लागला.